दुखणं कुणाच्या गुडघ्यात ठेवायचं?

खात्रीवाली : काकू, ‘वय झालं, आता सांधे दुखणारच’ हे वाक्य जुन्नर-आंबेगावात घरोघर ऐकू येतं आणि सगळं तिथंच बिघडतं. सांधेदुखी हा एकच एक आजार नाही. गुडघ्याची झीज वेगळी, आमवात वेगळा, युरिक ॲसिड वाढून पायाच्या अंगठ्याला ठणका लावणारा गाऊट वेगळा. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर महिनोन् महिने रेंगाळणारं दुखणं आणखी वेगळं. २००६ च्या साथीत ते गावोगाव दिसलं, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्याच्या बाजूला पुन्हा दिसलं. हे मी फिजिओथेरपीच्या पुस्तकातलं सांगत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमातली ती पाहणी. १०० प्रौढांमागे साधारण १८ जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. त्यातले झीजवाले सहाच्या आसपास, आमवाताचे हजारात पाच. पाच म्हणजे थोडे वाटतात, पण औषध मिळालं नाही तर त्यांची बोटं काही वर्षांत वाकडी होऊ शकतात आणि वेळेवर मिळालं तर बहुतेकांची वाचतात. सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासाभराहून जास्त आखडलेली राहतात का, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज आहे का, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. म्हणून म्हणते, आधी दुखण्याचं नाव कळू द्या.

शंकेखोर : नाव कळलं, मग? नावानं गाईची धार निघत नाही, मॅडम. माझ्या दुखण्याचं नाव मला कळलेलं आहे. फोटो काढला, गुडघ्यातली गादी झिजली म्हणाले. कागदावर सहा ओळी लिहून दिल्या. मांडी घालू नका. उकिडवं बसू नका. जिना चढू नका. वजन उचलू नका. वाकू नका. आराम करा. मी तो कागद घरी आणून वाचला आणि हसले. हे सगळं वगळलं तर शेतीत उरतं काय? बांधावर उभं राहून मोबाइल बघणं? वर्षाचं कामच बघा ना. जून-जुलैत वरच्या अंगाला भाताची आवणी. पावसाळ्यात सातगाव पठारावर बटाटा. दिवाळीनंतर कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलात काढणी, काटणी, निवडणी, मग बराखीत भरणी. उन्हाळ्यात टोमॅटो, त्याची बांधणी, दिवसाआड खुडा, वीस किलोचं क्रेट उचलून पिकअपवर, तिथून नारायणगावच्या मार्केटला. आणि रोज सकाळ-संध्याकाळ गोठा, त्याला रविवार नाही. आराम कधी करू ते कागदावर लिहिलं नव्हतं.

खात्रीवाली : त्या कागदावर माझाही राग आहे. ‘आराम करा’ हा सल्ला झिजेच्या गुडघ्याला बहुतेक वेळा चुकीचाच असतो. सांध्याला हालचाल लागते. मांडीचा पुढचा स्नायू सैल पडला की सगळा भार हाडावर येतो, तो स्नायू भक्कम केला की तेच हाड कमी दुखतं. खाटेवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. वजनाचं गणित तर ठरलेलं आहे. अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. तेव्हा काम सोडा असं मी म्हणतच नाही, कामाची तऱ्हा बदला म्हणते. तुमच्या धारेचंच घ्या. तुम्ही अंगठा आत मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून धार काढता. लवकर निघते, सवय आहे. पण तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा रोज दोन वेळा, प्रत्येक गाईमागे शेकडो वेळा पिळला जातो. तुमचा उजवा अंगठा मुळाशी जो उंच झालाय ना, तो त्यामुळेच. पूर्ण मुठीत सड धरून, वरून खाली एकेक बोट मिटत नेलं तर जोर चार बोटांत वाटला जातो आणि सडालाही इजा होत नाही. जनावरांचे डॉक्टर हे गाईसाठी सांगतात, मी तुमच्यासाठी सांगते. पहिला पंधरवडा दूध हळू निघेल, मग हात बसतो.

शंकेखोर : हे पटलं. अंगठ्याचं पटलं. गाय माझी आहे, वेळ माझा आहे, पंधरा दिवस हळू काढीन, कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण शेतातलं काम असं आपल्या एकटीच्या हातात कुठं असतं? कांद्याची लागवड बघितलीत का कधी जवळून? वाफ्यात पाणी सोडलेलं. डाव्या मुठीत रोपांची जुडी. उजव्या हाताचा अंगठा रोपाच्या बुडाशी धरून चिखलात दाबायचा, चार बोटं सोडून पुढचं. बाई उकिडवी बसलेली, पावलं गारठ्यात चिखलात, बसल्या बसल्या मागं सरकायचं. दिवसभर. हे सगळं उक्तं असतं, मॅडम. एकराचा दर ठरलेला, दहा-बारा बायकांची टोळी. जितकं लवकर उरकेल तितकी पुढच्या वावराची सोय. उक्त्याच्या कामात मध्येच उभं राहून कंबर सरळ करणारीला बाकीच्या काय म्हणतात, ते ऐकलंय तुम्ही? ‘आली मोठी पाटलीण.’ तुमचा व्यायाम रोजंदारीवर होईल, उक्त्यावर होत नाही. आणि उभ्यानं चालवायची कोळपी, ती तूर-सोयाबीनच्या ओळीत चालतात. कांद्याच्या दोन रोपांत वीतभरही जागा नसते. तिथं एक तर खुरपं, नाही तर तणनाशक. तिसरं काही आहे का?

खात्रीवाली : कांद्यात नाही, मान्य. पण सगळं शेत कांद्याचं नाही. भात घ्या, सगळ्यात जास्त वाकणं आवणीत. भीमाशंकरच्या घाटाखाली, कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळ्यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. गादीवाफे एकदा करायचे, साच्यानं भोकं पाडायची, त्यात बी टोकायचं. नांगरट नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. चिखलात दिवसच्या दिवस वाकून चालणं सरळ कापून टाकलंय त्यांनी. कापणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आहे. हलका, दातेरी, मनगटाला हिसका कमी देतो. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारायला पैसे पडत नाहीत. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अवजारांना अनुदान आहे, गटाला अवजार बँक करता येते. बराखीत भरताना कांदा जमिनीवर पसरून उकिडवं बसून निवडण्याऐवजी कमरेइतक्या उंचीवर जुन्या दाराची फळी टाका, उभ्यानं निवडा. फळीला कसलं अनुदान लागतंय? अमेरिकेत तर १९९१ पासून ‘ॲग्रॲबिलिटी’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो. संधिवात झालेल्या, हात-पाय गमावलेल्या शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन त्याचं काम कसं सुकर होईल ते बघतात. कृषी विद्यापीठ आणि अपंगांसाठी काम करणारी संस्था जोडीनं जातात. दवाखाना आणि शेती खातं एका बांधावर आलं की काय होतं ते दिसतं तिथं.

शंकेखोर : अमेरिकेत ट्रॅक्टरला आणखी एक पायरी लावून देत असतील, दांडा जाड करून देत असतील. तिथं दुखणारा माणूस यंत्रावर बसलेला असतो. इथं यंत्राच्या जागीच माणूस आहे. आणि यंत्र आलं तेव्हा काय झालं तेही बघा. माझ्या सासऱ्यांच्या काळात नांगर बैलाचा, मळणी बैलाची, माल डोक्यावर किंवा गाडीतून. आता नांगरट ट्रॅक्टरची, मळणी मशिनची, माल पिकअपमध्ये. म्हणजे गड्याचं काम आधी सुटलं. लावणी, खुरपणी, काढणी, काटणी, निवडणी, शेण, धार हे बाईचं होतं तसंच राहिलं. पॉवर वीडर घरी आला तर तो चालवतो पोरगा. त्याच्या कडेनं राहिलेलं गवत काढायला उकिडवी बसते त्याची आई. अनुदानाचा अर्ज ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या नावानं भरायचा. माझे गुडघे माझ्या नावावर आहेत, जमीन नाही. तुमच्या सगुणा भाताबद्दलही विचारते. आवणी गेली, चांगलं झालं. मग तण कशानं मारायचं? तणनाशकच ना? म्हणजे कंबर वाचवायला मातीवर औषध ओतायचं. नको असं मी म्हणत नाही. फुकटचं काही नसतं, एवढंच म्हणते. दोन गाईंच्या घरात धारेचं मशिन परवडत नाही, दहा गाईंच्या घरात परवडतं. आणि दहा गाईंच्या घरात धारेला गडी आधीच ठेवलेला असतो.

(इथं मधेच एक नोंद करावीशी वाटते. उसामुळं बिबट्यानं घर केलेल्या या पट्ट्यात वन खातं लोकांना सांगत असतं की शेतात एकट्यानं वाकून, उकिडवं बसून काम करू नका, बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. गुडघ्याचा डॉक्टर हेच सांगतो, कारण तेवढं वेगळं. दोन्ही सल्ले एकाच बाईला मिळतात आणि कांद्याचा वाफा दोन्हींतला एकही ऐकत नाही.)

खात्रीवाली : बाईचं काम यंत्राकडे शेवटी आलं, यात मला काही खोडता येत नाही. पण एक सांगा, तोवर तुम्ही काय करता? गोळी खाता. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. डायक्लोफेनॅक असेल, नाही तर तिच्याच जातीची दुसरी कुठली. ही गोळी कधीमधी घेतली तर चालते. पण टोमॅटोच्या हंगामात रोज, मे महिन्याच्या उन्हात, घाम गाळत, पाणी कमी पीत घेतली तर मूत्रपिंडावर बसते. हेच औषध जनावरांना टोचायचे. ती मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये सरकारनं गुरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडाचं मूत्रपिंड आणि माणसाचं सारखं नाही, हे मला कळतं, तुम्ही गिधाडासारख्या मरणार नाही. पण गुरांच्या औषधावर एवढा विचार झाला, तुमच्या गोळीवर कुणी करत नाही. त्याहून वाईट त्या बिननावाच्या पुड्या. दोन दिवसांत सूज उतरते, माणूस पळायला लागतो. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो. आयुर्वेदाला माझा विरोध नाही. त्याच डॉ. चोप्रांच्या गटानं २०१३ मध्ये गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधं ॲलोपथीच्या औषधांसमोर नीट चाचणी करून तोलली आणि ती दुखण्यात बरोबरीची ठरली. पण त्यातही काहींच्या यकृताची तपासणी बिघडलेली सापडली, म्हणजे तिथंही रक्त तपासावं लागतं. आमवातावर मेथोट्रेक्सेट देतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कुणी रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते. म्हणून म्हणते, गोळी कुठली, किती दिवस, हे विचारून घ्या.

शंकेखोर : आम्ही गोळी का खातो ते तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. गोळी हा गावातला सगळ्यात स्वस्त मजूर आहे. एक गोळी खाल्ली की माझा दिवस भरतो, नाही खाल्ली तर दुसरीला बोलवावं लागतं आणि तिला हजेरी द्यावी लागते. आमवाताचा खास डॉक्टर पुण्यात. ओतूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन दिवस मोडतो, सोबत पोरगा आला तर दोघांचा. दर महिन्याला रक्त तपासायचं म्हणजे पुन्हा एक दिवस. मोठं ऑपरेशन म्हणाल तर २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला चाप लावला, साधा सांधा ५४,७२० रुपयांवर आणला. चांगलं केलं. पण तो झाला नुसत्या सांध्याचा भाव. वर दवाखाना, भूल, औषधं, महिनाभर घरी कुणीतरी. आणि एवढं करून पुन्हा सांगणार, उकिडवं बसू नका. म्हणजे नवा गुडघा घेऊन मी बाजारहाट करीन, देवळात जाईन, कांदा लावणार नाही. आणखी एक. मला साप चावला, वीज पडली, बिबट्यानं ओढलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घराला दोन लाखांपर्यंत मिळतात. तीस वर्षं उकिडवं बसून गुडघे गेले तर त्याला अपघात म्हणत नाहीत. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात संधिवात म्हणून वेगळा रकाना नाही. चालता येत नाही असं दाखवलं तर टक्केवारी मिळेल. पण मी चालते ना! चालते म्हणूनच तर काम करते.

खात्रीवाली : कागदावर अपघात मोजतात, झीज मोजत नाहीत. याला माझ्याकडे उत्तर नाही. फिजिओथेरपीच्या कॉलेजात हा विषयही नव्हता. पण तुमच्याच मुलखात एक गोष्ट आहे, तिच्याकडे बघू या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडं, आदिवासी वाड्यांमध्ये पडकई आहे. सगळ्या वाडीनं मिळून आज एकाच्या वावराचा बांध घालायचा, खाचर करायचं, उद्या दुसऱ्याच्या. इकडं खाली तुम्ही सावड करता, तीही त्याच जातीची. आता सावडीत आपण दिवसाला दिवस फेडतो. मी म्हणते, कामाला काम फेडा. जिचे गुडघे गेलेत ती उभ्यानं निवडेल, रोपं उपटून जुड्या बांधून देईल. जिचा खांदा गेलाय ती क्रेट उचलणार नाही, खुडा करील. टोळीत दोन तास बसायचं काम, मग तासभर उभ्याचं, अशी पाळी लावा. तसं करणाऱ्या टोळीचं काम दिवसअखेर फार मागं पडेल असं मला वाटत नाही. दुपारनंतर ज्यांची कंबर धरते त्यांचा वेगच निम्म्यावर येतो, ते तुम्ही माझ्याहून जास्त वेळा बघितलंय.

शंकेखोर : पडकई आपसातली असते, मॅडम. माझं तुझं दोघांचंही वावर असतं. टोळीतल्या बाईचं इथं वावर नाही. आता खरं सांगते. माझा संधिवात मी कधीच सांभाळलाय, तुमच्या आधी. गुडघे गेले तसं मी खुरपणीचं बसणं सोडलं आणि बायका लावल्या. त्या येतात आपटाळ्याच्या वरून, डोंगरातून, जीपमध्ये कोंबून. आधी घरचं भात आवून येतात, मग आमचं खुरपतात. एकीचं वय पस्तीसही नसेल. तिला मी काल वाफ्यातून उठताना बघितलं. एक हात जमिनीला, एक मांडीला, आणि मग वर. तशी मी पंचेचाळीशीत उठायला लागले. ती पस्तिशीत उठतेय. माझ्या गुडघ्याचं दुखणं मी हजेरी देऊन तिच्या गुडघ्यात ठेवलं. याला तुम्ही संधिवाताचं व्यवस्थापन म्हणता ना? माझ्या फाइलवर तर लिहाल, ‘रुग्णाला आराम’.

खात्रीवाली : मग तुम्ही पुन्हा उकिडव्या बसाल का? बसला तरी तिचे गुडघे वाचणार नाहीत, ती दुसऱ्याच्या वाफ्यात जाईल, तिची हजेरी तेवढी बुडेल. तुम्ही स्वतःला वाचवलं यात काही चुकलेलं नाही, ते अर्ध्यावर थांबलं एवढंच. मी आतापर्यंत एकेका माणसाचा गुडघा बघत आले, तिथं माझं बरोबर आहे. मुठीनं धार काढली तर तुमचा अंगठा वाचेल, यात शंका नाही. वेळेत औषध घेतलं तर आमवातात बोटं वाचतील, यातही नाही. पण वाफा तोच आणि दर तोच राहिला तर एकीला वाचवताना दुसरी बसणार, हे मला आज कळतंय. मग उक्तं बंद करा. लागवड रोजंदारीवर द्या, मध्ये पाळी ठेवा.

शंकेखोर : आणि कांद्याचा भाव? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली. तेवढ्या महिन्यांत मंचरच्या आवारात उभं राहून भाव ऐकलेत तुम्ही? त्या वर्षी एकराला चार हजार जास्त घालून बायकांना सावकाश बसा म्हणाले असते, तर नवऱ्यानं वेड्यात काढलं असतं, आणि त्याचं चुकलं नसतं. शेजारी उक्तं देतो, मी रोजानं दिलं, तर माझी लागवड आठ दिवस मागं जाते आणि पाण्याचं आवर्तन कुणासाठी थांबत नाही. सावकाश कामाचे पैसे कुणी द्यायचे ते सांगा. मी द्यायचे, व्यापाऱ्यानं द्यायचे, का पुण्या-मुंबईत किलोभर कांदा घेणाऱ्यानं?

खात्रीवाली : ते मला सांगता येत नाही. मला येतं तेवढं सांगते. त्या पस्तिशीतल्या बाईला विचारा, सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात. तासाच्या वर असेल, दोन्ही हात सुजत असतील, तर हे नुसतं उकिडवं बसण्याचं दुखणं नाही. तिला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवा, रक्त तपासू द्या. पुड्या घेत असेल तर आधी ते सांगायला लावा. आणि त्या दिवसाची तिची हजेरी बुडू देऊ नका.

शंकेखोर : विचारीन. हजेरी मी देईन, जीपचं भाडंही देईन. निवडायला उद्यापासून फळी टाकते, तिच्यासाठीही. पण उक्त्याचा दर गाव ठरवतो, मॅडम, आणि गावाला भाव ठरवता येत नाही. ते मी एकटी बदलू शकत नाही.